भिजत घातलेली सुगडं

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा माझ्याशी बोलायला होतं कोण? नवरा सकाळी गिरणीच्या भोंग्याबरोबर बाहेर पडायचा. सासूबाई बोलायच्या त्या फक्त कामाचं. आणि मी मुळातली बडबडी! दिवसभर तोंड मिटून बसायचं म्हणजे जीव नुसता कासावीस व्हायचा. शेवटी मी चुलीशीच भांडायला लागले.

अशात आमच्या पेठेतल्या बायकांच्या मंडळाने मातीकामाचा वर्ग काढला. शिकवायला एक म्हातारे कुंभारबाबा. मी जायचा हट्टच धरला. सासूबाई सांगोल्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, जिभेला धार. म्हणाल्या, "चिखलात हात घालायला शिकाया जायाचं? आमी जलमभर त्येच केलं की!" मग मी गाल फुगवून भाकऱ्या थापायला लागले. दणादण. त्या आवाजाला वैतागून म्हणाल्या, "बरं, जा बाई. पर संक्रांतीला तुज्या हातची सुगडं पुजंला लागली पायजेत. न्हाय जमलं, तर वर्ग बंद."

पहिल्याच दिवशी मी फिरत्या चाकावरच्या गोळ्याला हात लावला आणि अर्धा गोळा उडून शेजारणीच्या गालावर! ती विणकराची बायको, घरची भाषा तेलुगू. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. तिने गाल पुसला, बोटावरची माती पाहिली आणि शांतपणे माझ्या नाकाला लावली. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. कुंभारबाबा म्हणाले, "आधी हसून घ्या, मग माती घ्या."

तिला मराठी कामापुरतं, मला तेलुगू अजिबात नाही. पण सासूची नक्कल करायला भाषा लागते कुठे? ती मला अक्का म्हणायची. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून तिची बोटं इतकी चपळ झाली होती की माझं वेडंवाकडं बोळकं ती एका चिमटीत सरळ करायची. मी रागावून तिच्या हातावर चापट मारायची. मग एक दिवस माझं पहिलं सुगड न कलंडता उभं राहिलं. "अगं बाई, उभं राहिलं गं!" मी अशी ओरडले की बाबांचं चाक थांबलं. इतकी खूश मी लग्नातही नव्हते, खरं सांगते.

बाबांनी सांगितलं, सुगडं घरी नेऊन सावलीत वाळवा, भोगीच्या आदल्या दिवशी आणा, भट्टी लावू. त्या सकाळी परसात गेले तर फळीवर सुगडं नाहीत.

"माझी सुगडं कुठंयत?"

"भिजत घातल्यात की," न्हाणीतून सासूबाई म्हणाल्या. "नवं मडकं न भिजवता वापरत्यात व्हय?"

मी धावले. घंगाळाच्या तळाशी गाळ बसला होता, बाकी काही नाही.

"अहो, कच्ची होती ती! अजून भाजायची होती!"

सासूबाईंनी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. हाताला चिखलच आला. "मला वाटलं, भाजून आनल्यात," त्या म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात. "तुम्हीच अट घालायची आणि तुम्हीच सुगडं बुडवायची!" म्हणत मी तिथेच भोकाड पसरलं. त्यांनी पदराला हात पुसले. पण अट मागे घेतली, असं काही म्हणाल्या नाहीत.

वर्गात जाऊन मैत्रिणीला सांगितलं. "अय्यो अक्का!" म्हणून ती आधी फसकन हसली. मी चिडले, मग मलाही हसू आलं, मग पुन्हा रडू. वर्ग बंद झाला तर ही मला कुठे भेटणार? बाबांनी भट्टी पेटवली. त्यात तिची सुगडं होती, माझी नव्हती.

संक्रांतीच्या सकाळी ती पदराआड टोपली घेऊन आमच्या दारात उभी. पाच सुगडं, सुबक, खणखणीत. "तुझी म्हण," ती कुजबुजली. पण खोटं बोलले की माझे कान लाल होतात, आणि सासूबाई मागेच उभ्या होत्या.

"ही माझी नाहीत, हिने केलीत," मी म्हणाले. "करा आता वर्ग बंद!"

सासूबाईंनी एक सुगड बोटाने वाजवून पाहिलं. "आन् तुज्या घरी पुजंला गं?" त्यांनी तिला विचारलं.

"बाजारातली आणते."

सासूबाईंनी तिला आत घेतलं, पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "बगती काय नुसती? हिचं वान घेतलं, त्ये फेडाया नगं? म्होरच्या संक्रांतीला हिच्या घरी तुज्या हातची सुगडं गेली पायजेत. वर्ग चुकवलास तर गाठ माज्याशी हाय!"

त्यांच्या त्या धडाक्यात मैत्रिणीला फक्त 'वर्ग' एवढाच शब्द कळला. वर्ग बंद झाला असं वाटून बिचारीचा चेहरा उतरला, डोळे भरले आणि तिने माझा हात घट्ट धरला. मी सासूबाईंच्या देखत तिला कडकडून मिठी मारली.