मीटरवाल्याला गेलेलं रक्त

माझ्या भाऊजींना सगळं गाव 'बाटली' म्हणतं आणि नवख्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. दारूचा थेंब त्यांनी कधी जिभेला लावलेला नाही. नाव पडलं ते रक्ताच्या बाटलीवरून. त्यांचा रक्तगट इतका दुर्मिळ, की आमच्याकडे तो दोघांचाच. एक भाऊजी आणि दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. बाईंचं वय झालं, त्यामुळे डॉक्टर आता त्यांचं रक्त घेत नाहीत. सरकारी दवाखान्यातून फोन आला की भाऊजी हातातलं काम टाकून जायचे, रक्त द्यायचे, दोन बिस्किटं खाऊन परत यायचे. कुणासाठी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "विहीर विचारते का, घागर कुणाची?" म्हणायचे. एरवी फार बोलणारा माणूस नव्हे. हे एक वाक्य मात्र ठेवणीतलं.

धंदा शटर दुरुस्तीचा. अडकलेलं शटर सोडवायचं, ढिली स्प्रिंग ताणायची, वाकलेल्या पट्ट्या ठोकून सरळ करायच्या. घरांच्या दारांना लोखंडी जाळ्याही करतात. खरं सांगायचं तर त्यांचं बस्तान बसलं ते या जाळ्यांवर, आणि जाळ्या खपल्या त्या मीटरवाल्यामुळे.

मीटरवाला कोण, हे आमच्याकडे चाळिशी ओलांडलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. विजेचं मीटर बघायला आलोय असं सांगून तो भरदुपारी दार उघडायला लावायचा. सात जणींना मारलं त्याने. सहा सापडल्या. सातवी, कॉलेजात जाणारी मुलगी, तिला कुठे टाकलं ते त्याने ना पोलिसांना सांगितलं, ना न्यायाधीशांना. जन्मठेप झाली. तो आत म्हातारा होत गेला, आम्ही बाहेर.

आणि मग बातमी आली, की मीटरवाला मरायला टेकलाय. पोटात रक्तस्राव, तुरुंगातून दवाखान्यात हलवलंय, खोलीच्या दाराशी पोलीस. न्हाव्याकडे दाढी करायला बसलेला एक जण म्हणाला, "इतकी वर्षं आपण पोसला, आता औषधंही आपणच द्यायची?" शेजारच्या खुर्चीतला तोंडाला फेस लावलेल्या अवस्थेत उसळला, "द्यायचीच! मरण म्हणजे सुटका. सडू दे चांगला." दोघांची जुंपली. दोघांचाही राग एकाच माणसावर, तरी हमरीतुमरीवर आले. दवाखान्याच्या फाटकासमोर रोज गर्दी व्हायची. एका गृहस्थाने मिठाईचा खोका आगाऊ आणून ठेवला होता. एक मुलगी फुलं ठेवून गेली. कुणीतरी हटकलं तर म्हणाली, "मरताना माणसाला कुणीतरी असावं ना." लोकांनी तिची फुलं पायदळी तुडवली, आणि तुडवणाऱ्यांतल्याच एकाने मग ती उचलून कठड्यावर नीट ठेवली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच आठवड्यात भाऊजींना फोन आला. नेहमीसारखे गेले, देऊन आले. संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. माझं खिळे-स्क्रूंचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच, त्यामुळे आमचं जाणं-येणं रोजचं. बातम्या चालू होत्या. मीटरवाल्याला दुर्मिळ गटाचं रक्त मिळालं, प्रकृती सुधारतेय, असं डॉक्टर सांगत होते.

ताईने गॅस बंद केला. "अहो, हा तर तुमचा गट."

"असेल दुसऱ्या कुणाचा."

"दुसरं कोण आहे? बाईंचं घेत नाहीत."

भाऊजी हाताच्या कोपरातल्या चिकटपट्टीकडे बघत राहिले. मग ती काढली, घडी केली आणि खिशात घातली. कचऱ्याच्या डब्यात का टाकली नाही, कुणास ठाऊक.

ताईच्या पोटात काही राहत नाही. तिने फक्त मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने फक्त जावेला, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या बाजारपेठेला माहीत. औषधांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं. भाऊजी पान्हा घेऊन गेले तर मालक म्हणाला, "तू हात लावू नकोस. दुसऱ्याला बोलावतो." दुसरा मिळेना, तेव्हा पठ्ठ्या चार दिवस कंबरेत वाकून दुकानात शिरत होता. उलट चष्मेवाल्याने भर रस्त्यात मिठी मारली, "काय माणुसकी दाखवलीस!" भाऊजी म्हणाले, "मी काही दाखवलं नाही हो. हात पुढे केला फक्त." तेही त्यांचा मोठेपणा म्हणून खपलं. एका सकाळी आमच्या दुकानांच्या भिंतीवर लाल रंग फासलेला दिसला. मी थिनर आणला, दोघांनी मिळून भिंत पुसली.

"तुम्हाला काय वाटतं पण, भाऊजी?" मी विचारलं.

"कळत नाही रे. चिडावं म्हटलं तर कुणावर चिडू? खूश व्हावं म्हटलं तर कशाचं?"

गोम अशी होती, की रक्त पुन्हा द्यायला मधे तीन महिने जावे लागतात, आणि मीटरवाला काही मरेना. गर्दी पातळ झाली. मिठाई बुरसली म्हणे. पण भाऊजींचे तीन महिने कधी भरतात, हे आता सगळ्या गावाला पाठ. लोक त्यांच्याकडे कॅलेंडरकडे बघावं तसं बघायचे.

एक दिवस दुकानात एक वयस्कर बाई आल्या. मला वाटलं जाळी हवी असेल. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी त्या सातवीची आई."

भाऊजी हातोडी खाली ठेवून उभे राहिले.

"घाबरू नका. बोल लावायला नाही आले," त्या म्हणाल्या. "परत मागितलं तर द्या, एवढं सांगायला आले. तो जिवंत आहे तोवर तोंड उघडेल अशी आशा आहे. मेला की संपलं. एवढं फक्त आमच्या ह्यांना सांगू नका."

भाऊजी नुसते हो म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मुलीचे वडील आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. ते बसले नाहीत. "तुम्ही दिलंत ते न कळता दिलंत. माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "पण आता देऊ नका. तो असेपर्यंत आमची ही रोज फोनपाशी बसते. जेवत नाही धड. त्याचं एकदा काय ते होऊ दे, म्हणजे ती रडून मोकळी होईल. मी आलो होतो हे तिला कळू देऊ नका."

ते गेल्यावर भाऊजी माझ्याकडे वळले. "आता बोल. तू शहाणा आहेस ना?"

मी म्हटलं, "देऊ नका." थोड्या वेळाने म्हटलं, "पण ती आई..." भाऊजींनी हात हलवून मला गप्प केलं.

तीन महिने होऊन गेले आणि फोन आला. ताई दारात आडवी उभी राहिली. "जाऊ नका. लोक जगू देणार नाहीत."

"फोनवर नाव नाही सांगितलं गं. दुसऱ्या कुणासाठीही असेल."

"आणि त्याच्यासाठीच असेल तर?"

भाऊजी तिच्या बाजूने वाट काढून बाहेर पडले. मी त्यांच्याबरोबर गेलो. ती सिस्टर ओळखीची, इतक्या वर्षांची. भाऊजी खुर्चीत बसले, बाही वर केली आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "कुणाला द्यायचंय?"

"ते सांगता येत नाही, काका. तुम्ही कधी विचारत नव्हता."

"आता विचारतोय."

"तरी नाही सांगता येत."

"मी नाही दिलं तर?"

"बाहेरगावाहून मागवू. मिळालं तर मिळालं." सिस्टरने सुई खाली ठेवली. "घाई नाही. बसा. नको असेल तर घरी जा, मी कुणाला काही म्हणणार नाही."

भाऊजी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मीही बसलो. समोरून एक बाई बाळंतिणीचं सामान घेऊन गेली, एक माणूस डोक्याला पट्टी बांधून गेला, दोन पोलीस चहाचे कप घेऊन जिन्याने वर गेले. भाऊजी प्रत्येकाकडे मान वळवून बघत होते. बराच वेळ गेला. मग उठले, आत गेले आणि हात पुढे केला. 'का' म्हणून मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटरवाला मेला. सातवीबद्दल अवाक्षर न बोलता. फाटकाशी कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण साथ मिळाली नाही तेव्हा त्याने हात खिशात घातले. लोक जरा वेळ उभे राहिले आणि पांगले. त्या बाटलीचं काय झालं, ती त्याला चढली की दुसऱ्या कुणाला, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी ते दोघं नवरा-बायको दुकानात आले. या वेळी बरोबर. मी चहा सांगितला.

"दिलंत?" आईने विचारलं.

"दिलं."

"त्यालाच?" वडिलांनी विचारलं.

"माहीत नाही."

वडील टोपी हातात फिरवत राहिले. "मग आम्ही तुमचे आभार मानायचे की तुमच्याशी भांडायचं?"

"मलाही तेच कळत नाहीये," भाऊजी म्हणाले.

आई एकदम नवऱ्याकडे वळली. "म्हणजे तुम्हीही इथे येऊन गेला होता?"

"तूही?"

मग बाईंच्या तोंडून हसू फुटलं, त्यातच रडू आलं, आणि वडिलांनी तिच्या हातातला कप काढून घेतला, सांडू नये म्हणून. आम्ही दोघं बाहेर येऊन उभे राहिलो.

रस्त्यावर माणसं नेहमीसारखी ये-जा करत होती. भाऊजी म्हणाले, "तो गेल्याचं ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं रे."

"त्याच्यासाठी?"

"ते विचारू नकोस. सकाळपासून तेच शोधतोय."

इतक्यात आतून वडिलांनी हाक मारली, "अहो, जरा पाणी मिळेल का?" भाऊजी तांब्या शोधायला आत गेले.