नळाच्या वेळेला येणाऱ्या देवरे मॅडम

"तुझ्या घरी पाणी कधी येतं?"

नोकरीच्या मुलाखतीत देवरे मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी बिचारी संख्याशास्त्राची सूत्रं घोकून गेले होते. "पहाटे," मी म्हणाले. "मग तुझ्या गल्लीत दिवसा माणसं मोजण्यात अर्थ नाही," असं म्हणत त्यांनी चहा मागवला. तो संपेपर्यंत माझी नोकरी पक्की झाली होती.

नाशिकमध्ये कुठल्या वस्तीत किती लोक राहतात, त्यांची कमाई साधारण काय, याची पाहणी करून आमची छोटीशी संस्था नकाशे तयार करायची. हलाखीची वस्ती लाल, खाऊनपिऊन सुखी वस्ती पिवळी. ते नकाशे बघून दवाखाने, बालवाड्या कुठे काढायच्या ते वरचे लोक ठरवत. मॅडम मूळच्या सटाण्याच्या. निम्मं आयुष्य नाशकात काढूनही फोन उचलला की अहिराणीत "कोन शे?" असंच विचारायच्या, पलीकडे मोठा साहेब असला तरी. सरासरीवर त्यांचा फार राग. "बंगल्याची गच्ची आणि मागच्या खोल्यांचा पत्रा यांच्या मधल्या उंचीवर कुणी राहतं का गं?" असं त्या आम्हाला विचारायच्या.

एकदा मखमलाबादच्या पुढचा, मळ्यांना लागून असलेला भाग नकाशावर चक्क पिवळा आला. म्हणजे तिथे होऊ घातलेला दवाखाना दुसरीकडे जाणार. मी उठून म्हणाले, "मॅडम, मी तिथंच राहते." रस्त्याकडेला द्राक्षबागायतदारांचे बंगले आणि मागे आमच्या खोल्यांच्या रांगा. आई फुलांच्या मळ्यात मजुरीला जायची. तिला अधूनमधून चक्कर यायची, पण लांबच्या दवाखान्यात जायचं तर रोज बुडतो म्हणून ती जात नव्हती.

मला वाटलं, मॅडम लगेच रंग बदलतील. कसलं काय! "तू सांगतेस म्हणून लाल करायचा? उद्या बंगलेवाला सांगेल म्हणून पिवळा करू?" मी हिरमुसले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आपली माणसं तिकडे गेली होती कधी?" भर दुपारी, असं उत्तर आलं. दुपारी बंगल्यांची दारं उघडी होती आणि मागच्या खोल्यांना कुलपं. कुलूपबंद घरं आमच्या माणसांनी सरळ रिकामी धरली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मॅडम स्कूटरवरून आमच्या गल्लीत हजर. नळाला पाणी आलेलं, त्यामुळे घरन् घर जागं. हंडे भरता भरता बायका बोलत होत्या, मॅडम विचारत होत्या, आम्ही लिहून घेत होतो. आमच्या दारात त्यांनी उभ्याउभ्याच चहा घेतला आणि इतरांना विचारले तेच सगळे प्रश्न आईलाही विचारले. मी बाजूला उभी होते, पण त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

नव्या नकाशात बंगले पिवळे राहिले, मागच्या रांगा लाल झाल्या. दवाखाना आमच्याकडे आला. पण वेळ ठरली दहा ते पाच! मॅडम भडकल्याच. "दार उघडं ठेवून डॉक्टर काय माशा मारणार? बायका तेव्हा मळ्यात असतात," असं सांगत त्या महिनोन्महिने वरच्यांच्या मागे लागल्या आणि संध्याकाळची वेळ करून घेतली. आईचा रक्तदाब तिथेच, वेळेवर सापडला. आज ती धडधाकट आहे. हे उपकार मी कसे फेडणार? ते फिटणारे नाहीत आणि फिटावेत असं मला वाटतही नाही.

मॅडम निवृत्त होऊन सटाण्याला जायला निघाल्या, तेव्हा निरोपाला आई मळ्यातून थेट ऑफिसात आली. पदरात शेवंतीची फुलं होती. भाषणं चालली होती, तरी ती सरळ मॅडमपाशी गेली आणि फुलं त्यांच्या ओंजळीत देत म्हणाली, "मोजणारे लय आले, मॅडम. मी घरी असताना कोणीच आलं नाय. तुम्ही आल्या."