अळणी समुद्र

मी फारसं बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हा किस्सा तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलेला बरा. आमच्या सासूबाई सांगतात तेव्हा त्यात मासा बोलतो.

तो बोलला नव्हता हो! नुसता बघत होता. माझी फजिती व्हायला तेवढं पुरलं.

लग्नाला दोन महिने झाले होते. आमचे हे कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात, शेतकी खात्यात ओव्हरसियर. राहायला कारखान्याचं क्वार्टर. "मुलाला कसलं म्हणजे कसलं व्यसन नाही," असं मध्यस्थ छातीठोक सांगत होते. मध्यस्थांनी हॉलमध्ये डोकावलं नसावं. हॉलमध्ये समुद्र होता.

खरंच सांगते. तीनशे लिटरची काचेची टाकी, खाली पांढरी वाळू, त्यात जिवंत प्रवाळ. एक प्रवाळ तर माणसाच्या हाताच्या पंज्यासारखं, आणि ते पाण्यात बोटं हलवायचं. वरून निळा दिवा. पाण्याच्या सावल्या भिंतीवरून, देवांच्या फोटोंवरून सरकत राहायच्या. माझं माहेर पारनेरकडचं. तिथे एवढ्या पाण्यात दोन घरं आठवडा काढतील. मी पहिले आठ दिवस त्या खोलीत पदर सावरूनच वावरले. का, ते विचारू नका. कुणीतरी मोठं माणूस बसलंय असं वाटायचं.

आमचं दोघांचं बोलणं बेताचंच. मी गप्प, हे माझ्याहून गप्प. पण टाकीसमोर उभे राहिले की यांना वाचा फुटायची. हे प्रवाळ असं खातं, तो खेकडा तसा कात टाकतो. मी ऐकायची. कुणाचा संसार कुठून सुरू होतो काय सांगावं. आमचा त्या काचेपासून होणार असं दिसत होतं.

मग एका रविवारी रॅस आला. लेपर्ड रॅस. बोटाएवढा मासा, अंगभर बिबट्यासारखे ठिपके, आणि डोळे असे की एक इकडे बघतोय तर दुसरा तिकडे. "दोन वर्षं शोधत होतो याला," हे म्हणाले. पिशवीतून त्याला पाण्यात सोडताना यांचा हात थरथरत होता. मंगळसूत्र घालताना थरथरला नव्हता. मी तेव्हाही बघितलं होतं.

आणि सोमवारी सकाळी यांना चार दिवसांच्या ट्रेनिंगला पुण्याला जावं लागलं.

"जमेल ना तुला?"

"जमेल."

मला सोबत म्हणून देवळाली प्रवराहून सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. यांनी एका कागदावर अकरा सूचना लिहून दिल्या. तिसरी सूचना: 'रोज मीठ मोजणे. पस्तीस पाहिजे. कमी भरल्यास बादलीतलं मीठ विरघळवून थोडं थोडं टाकणे. यंत्र ड्रॉवरमध्ये.'

हे गेले. मी टाकीपाशी आले. मासा नव्हता.

सगळे दगड बघितले, कोपरे बघितले, टाकीमागे, सोफ्याखाली. कुठेच नाही! ड्रॉवर उघडला, यंत्र काढलं. छोट्या दुर्बिणीसारखी काळी नळी. पुढच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. निळी-पांढरी रेघ जिथे मिळते तो आकडा.

रेघ साडेचारवर होती.

पुन्हा धुतलं, पुन्हा थेंब टाकले. साडेचार. अहो, पस्तीसचे साडेचार? एका रात्रीत? समुद्रातलं मीठ गेलं कुठे? बरं, त्या नळीतले आकडे बत्तीसलाच संपत होते, पस्तीस त्यात नव्हतंच. मी बी.एस्सी. आहे. मला एकदा तरी शंका यावी की नाही? नाही आली. मला वाटलं, वरचे आकडे पुसले असतील.

तीन मग मीठ विरघळवून टाकलं. रेघ जागची हलेना.

संध्याकाळी सात वाजता यांचा फोन.

"मीठ किती भरलं?"

"पस्तीस," मी म्हणाले.

का म्हणाले? लग्नानंतर माणसानं पहिली जबाबदारी दिली, आणि पहिल्याच दिवशी सांगू की समुद्र अळणी झाला आणि मासा नाहीसा झाला?

"आणि रॅस? दिसला का?"

"दिसला की. खाल्लं त्यानं."

पलीकडून यांनी श्वास सोडलेला ऐकू आला. इतका सुखाचा श्वास मी ऐकला नव्हता. झालं! तिथून मागे फिरायची वाट बंद.

मंगळवारी आणखी मीठ. रेघ पाचला टेकली. त्याच दुपारी त्या हातासारख्या प्रवाळाची बोटं आखडायला लागली. आधी करंगळी. मग एकेक. तिन्हीसांजेला त्याची घट्ट मूठ झाली होती. काचेच्या वरच्या कडेला पांढरी पुटं धरली, राखेसारखी. मोटारीची घरघर चालू, सावल्या भिंतीवर चालू, आणि आत हलणारं काही नाही.

आत्या भाजी निवडता निवडता एकदम म्हणाल्या, "सूनबाई, माज्या पाठीमागं कोन हाय?"

"कुणी नाही आत्या."

"हाय. मगाधरनं कोनतरी बगतंय. मान गार पडली माजी."

मी वळून बघितलं. टाकी होती. रिकामी.

"माज्या किरण्याला सांग म्हनावं, घरात एवडं पानी उभं ठिवू नाही. उभ्या पान्यात काय बी येऊन बसतंय."

त्या संध्याकाळी फोनवर मी यांना सांगितलं की माशाचं पोट कसं गोल गोल झालंय आणि तो माझ्या बोटामागे कसा फिरतो. खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणून सुरू झाल्यावर कुठे थांबायचं ते कळेना. हे म्हणाले, "अगं, तू त्याला लळा लावलास!" मेलेल्या माशाला लळा लावणारी मी एकटीच असेन.

हो, मेलेलाच. अळणी पाण्यात मेला आणि विरघळला, असं माझं पक्कं झालं होतं.

बुधवारी दुपारी आम्ही दोघी टाकीसमोर बसलो होतो. आत्यांना तिकडे पाठ करून बसवेना, म्हणून तोंड करून बसल्या होत्या. कोपऱ्यातली वाळू हलली. पंपाच्या धारेनं असेल म्हटलं. मग वाळूचा छोटासा उंचवटा झाला. वर आला, खाली बसला. पुन्हा वर आला. जणू खालून कुणी श्वास घेतंय.

आणि वाळूत डोळा उघडला.

नुसता डोळा. त्याला तोंड नाही, अंग नाही. गोल फिरला, आत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. आणि मिटल्यासारखा वाळूत गेला.

आत्यांनी माझं मनगट धरलं. "खरं सांग पोरी. त्यो ठिपक्याचा मेला नं?"

"मेला आत्या. माझ्या हातून मेला." तीन दिवसांत तोंडातून निघालेलं पहिलं खरं वाक्य, आणि तेही खोटंच निघायचं होतं!

"मग तुलाच धुंडतोय त्यो. ऊठ. हुबी राहा हितं."

आत्यांनी स्वयंपाकघरातून मुठीत मोहरी आणली, यांच्या बादलीतलंच ओंजळभर मीठ घेतलं, आणि माझी दृष्ट काढली. मग टाकीची. आली-गेलीची, पाप्याची, पाठीमागून बघणाऱ्याची, खालून बघणाऱ्याची. ही शेवटची त्यांनी तिथल्या तिथे जोडली. मग दृष्ट टाकायची कुठे? चूल तर नाही.

"व्हात्या पान्यात सोडत्यात," म्हणत आत्यांनी ते सगळं टाकीतच सोडलं!

मी अडवू शकले असते. खरं सांगू? अडवलं नाही. तेवढंच मीठ आत जाईल म्हटलं.

गुरुवारी दुपारी हे आले. बॅग खांद्यावरच होती. मी दारातच सांगून टाकलं. "मासा पहिल्याच दिवशी गेला. मी फोनवर सगळं खोटं सांगत होते. मीठ साडेचार भरलं होतं, मी रोज टाकलं तरी वाढत नाही. आणि आता वाळूत नुसता डोळा दिसतो."

यांनी बॅग खाली ठेवली. टाकीपाशी गेले. मुठी आवळलेली प्रवाळं बघितली. पाण्यावर बोट फिरवून एक दाणा उचलला. "मोहरी?"

"ती दृष्टीची."

"मोजलंस कशानं?"

मी नळी पुढे केली. यांनी ती हातात घेतली आणि खालीच बसले.

"हे उसाचं आहे गं. शेतात उसाचा रस घालून साखर बघतो आम्ही यानं. मिठाचं त्याच्याच शेजारी आहे, निळ्या मुठीचं."

म्हणजे चार दिवस मी समुद्राची साखर मोजत होते! ऊस तोडणीला आलाय का बघावं तसा समुद्र तोडणीला आलाय का बघत होते! निळ्या मुठीच्या नळीनं मोजलं तर मीठ त्रेचाळीस भरलं.

आत्यांनी पुढे होऊन टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "थू! जहर झालंय की. आगं, मीठ किती हाय ते बगाया दुर्बीन कशाला लागती? जीभ कशाला दिलीय द्येवानं?"

"आणि मासा?" मी विचारलं.

"रॅस घाबरला की वाळूत शिरतो. आठ-आठ दिवस वर येत नाही. झोपतोसुद्धा वाळूत. हे सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना म्हणजे कुणाला, कोपरगावात? अकरा सूचनांत एवढी एकच नव्हती. आणि पहिल्या संध्याकाळी मी 'दिसला नाही' एवढं बोलले असते तर हे तेव्हाच हसून सांगणार होते.

"आता जगला असेल का?"

"माहीत नाही," हे म्हणाले. मग हळूच, "पोट गोल झालंय म्हणालीस, तेव्हा मी ट्रेनिंगमधल्या सगळ्यांना सांगितलं होतं."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस थोडं थोडं साधं पाणी घालून मीठ उतरवलं. प्रवाळांच्या मुठी सैल झाल्या. करंगळी सगळ्यात शेवटी. पण मासा नाही. यांचं टाकीसमोरचं बोलणंही बंद. हॉल इतका शांत झाला की तो डोळा परत यावा असं मला वाटायला लागलं.

सोमवारी सकाळी अकराला हे शेतावर होते, आत्या गावी गेलेल्या. मी काच पुसत होते. वाळू फुटली आणि तो पुरताच्या पुरता बाहेर आला. सगळे ठिपके जागेवर. पोट मात्र आत गेलेलं. मी खाणं टाकलं, त्यानं खाल्लं. काचेपाशी येऊन एक डोळा माझ्यावर लावला, दुसरा भलतीकडे. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फोन धरला, फोटो काढला, आणि त्यानं सूर मारला तो थेट वाळूत.

हे साडेपाचला आले. मी दारातच ओरडले, "दिसला! अकरा वाजता! खाल्लं त्यानं!"

"हो का," हे म्हणाले. बूट काढत राहिले.

"अहो, खरंच! पोट जरा आत गेलंय, पण..."

"बोटामागे फिरला का?"

फोन यांच्या हातात दिला. काचेवर निळा उजेड, मागे धूसर दगड, मासा कुठेच नाही. मधोमध मात्र माझंच प्रतिबिंब: डोळे वटारलेले, तोंड वासलेलं.

यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. आठवड्यात पहिल्यांदा ओठ हलले.

"आलाय की छान," म्हणाले. "पण हा मासा खाऊनपिऊन सुखी दिसतोय. आणि याला ठिपके नाहीत."