आईच्या हनुवटीवरचं गोंदण

आमच्या समोरच्या घरातला चित्रकार टॅबवर माणसांचे चेहरे रंगवतो. काचेला तळवा लागू नये म्हणून हातात दोन बोटांचा काळा मोजा घालतो आणि बोलताना मान वर करत नाही. फोटो मोठा करून आधी नुसता डोळाच रंगवत बसतो, मग नाक, ओठ. चुकलं की काचेवर दोन बोटं टेकवतो, चूक निघून जाते. मला ते बघायला आवडायचं.

माझ्या आईचा एकच फोटो आहे, सायखेड्याला काढलेला. तो मी त्याला दिला. आठवड्याने त्याने आई दाखवली. गोरी केलेली, आणि हनुवटीवरचं गोंदण नाहीच.

"डाग होते काकू, ते मी साफ करतोच. रंगही उजळ केला, सगळ्यांना तसाच आवडतो."

एरवी मी त्याच्याशी हो-नाहीच्या पुढे बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले.

"सगळ्यांना म्हणजे कुणाला, दादा? ते गोंदण आहे. आणि माझी आई काळी होती."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "बरं. गोंदण वेगळ्या थरावर काढतो, म्हणजे नको वाटलं तर झाकता येईल."

"झाकता येणार नाही असं काढा," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसले.