इंदूताईंच्या मेसचे एकोणीस रिव्ह्यू

"मॅडम, पैसे भरले न्हाईत म्हणून माझी मेस बंद पाडायला निघालात व्हय तुमी?"

सकाळी ऑफिसात पर्स ठेवली न ठेवली तोच हा फोन. नमस्कार नाही, नाव नाही, काही नाही. कस्टमर केअरच्या पोरीनं घाबरून कॉल माझ्याकडे ढकलला होता.

"ताई, आधी कोण बोलताय ते तर सांगा."

"इंदू सूर्यवंशी. लातूर, ट्यूशन एरिया. मुलामुलींची मेस हाय माझी. तुमच्या वेबसाइटवर काय घाण लिवलंय ते बघा, मग बोला." आणि फोन कट.

मी नांदेडला एका वेब डिरेक्टरीत क्वालिटी बघते. वेब डिरेक्टरी म्हणजे पूर्वी टेलिफोनचं जाडजूड पुस्तक यायचं ना, त्याचंच आजचं रूप. प्लंबर पाहिजे, दातांचा डॉक्टर पाहिजे, बोअरवाला पाहिजे, तर मोबाईलवर शोधा. नाव, पत्ता, फोन आणि खाली लोकांनी दिलेले स्टार आणि रिव्ह्यू. प्रत्येक दुकानाच्या पानाला आम्ही लिस्टिंग म्हणतो. नावापुढे हिरवी टिक असेल तर ती जागा आम्ही तपासलेली आहे. पानावर जे लिहिलंय ते खरं आहे का, हे बघायचा पगार मला मिळतो. त्यामुळे सेल्सवाल्यांना मी आवडत नाही. त्यातले निम्मे मलाही आवडत नाहीत.

लिस्टिंग उघडलं. मेसचं रेटिंग दोन वर्षं एकदम छान होतं. आणि गेल्या आठ दिवसांत एकोणीस रिव्ह्यू, सगळे एका स्टारचे. चपात्या कच्च्या. ताटं अस्वच्छ. जेवण शिळं. पण भाषा कशी, तर अगदी सभ्य. आमचा फिल्टर शिव्या पकडतो, रिव्ह्यूत कुणी फोन नंबर घुसडला तर पकडतो. सभ्यपणे लिहिलेलं खोटं त्याच्या हाती लागत नाही. फिल्टरचे नियम कुणी बनवले होते? मीच.

परत फोन लावला. या वेळी बाई जरा शांत होत्या.

"मॅडम, दहावीचा निकाल लागलाय. पेटी-गादी घेऊन आईबाप लातूरला यायलेत. ह्या एका महिन्यात ताटं भरली तर वर्ष निघतं, न्हाईतर न्हाई. रोज चार-पाच जण माझा जिना चढतेत. पोरगं मोबाईल बघतं, बापाच्या कानात सांगतं, अन् जिना उतरतेत. माझ्या तोंडावर! लई लाज वाटती हो. स्वैपाकाला दोघी बाया हायत, त्यांना काय सांगू मी?"

"ताई, पैशाचं काय म्हणालात मघाशी?"

"तुमचा माणूस आला होता की फेब्रुवारीत. पैसे भरा, तुमचं रेटिंग सांभाळतो म्हणला. मी न्हाई म्हणले. आता कळलं, सांभाळतो म्हंजे काय ते."

माझे कान गरम झाले. हे खरं असेल तर आम्ही डिरेक्टरी चालवत नव्हतो, हप्ते मागत होतो. पंधरा वर्षं मी याच कंपनीचं कार्ड लोकांच्या हातात देत आले होते.

उठले आणि थेट बिराजदार सरांच्या केबिनमध्ये गेले. सर आमचे ब्रँच हेड. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीत आधी क्लायंट आठवतो.

"एका फ्री लिस्टिंगसाठी तुम्ही लातूरला जाणार?" सर म्हणाले.

"सर, ती बाई म्हणते आपण तिला धमकावलं."

"धमकावलं का?"

"तेच बघायला जाते."

सरांनी लातूर बघणाऱ्या सेल्सच्या माणसाला बोलावलं. तो आला, उभा राहिला आणि बिनधास्त म्हणाला, "सर, रेटिंग सांभाळतो असं सगळेच म्हणतात. बोलायची पद्धत आहे ती. रिव्ह्यू मी नाही टाकले, आईशप्पथ." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला म्हणाले, "जा तुम्ही."

शनिवारी सकाळची एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जेवणाच्या वेळेला लातूर. ट्यूशन एरियात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. जिकडे बघावं तिकडे क्लासच्या पाट्या आणि गाद्या डोक्यावर घेतलेले बाप.

नाव न सांगताच मी जिना चढले. भाचीसाठी मेस बघतेय म्हटलं. इंदूताईंनी ताट वाढलं. गरम चपाती, दोडक्याची भाजी, वरण, भात, शेंगदाण्याची चटणी. मी खाण्याच्या बाबतीत नाक मुरडणारी बाई आहे, पण दुसऱ्यांदा भाजी मागितली. तेवढ्यात एक कुटुंब दारात आलं. मुलीनं मोबाईल बघितला, आईच्या दंडाला धरलं. "परत येतो हं," म्हणत तिघं खाली उतरली. इंदूताई वाढत होत्या. त्यांनी वर बघितलंच नाही.

मग मी ओळख सांगितली. बाई हसल्या नाहीत की चहा विचारला नाही. रास्तच होतं.

"मी रात्रीपण जेवायला येते," मी म्हटलं, "आणि उद्या दोन्ही वेळा. स्वतः खाऊन रिपोर्ट लिहिते."

"उद्या रात्री कुठं येता? रविवारी रात्री गॅस बंद. दुपारी फिस्ट असती, गुलाबजाम न्हाईतर पुरणपोळी. रात्री सुट्टी."

"फक्त तुमच्याकडे?"

"आमच्या ह्या सगळ्या गल्ल्यांत हिंडून या. रविवारी रात्री एक मेस चालू दिसली तर मला सांगा."

मला हे माहीत नव्हतं. माझं सगळं शिक्षण नांदेडला, आईच्या हातचं खाऊन झालेलं. मी फोन काढला आणि एकोणीस रिव्ह्यू पुन्हा वाचायला घेतले. सात रिव्ह्यूंत स्पष्ट लिहिलेलं, रविवारी रात्री जेवलो. एकानं तर लिहिलेलं, रविवारी रात्रीचं पनीर शिळं होतं, पोट बिघडलं.

"पनीर?" इंदूताई ओरडल्याच. "ओ बाई, मी पनीर देते तरी कधी!"

चला, धागा हाती लागला. लिहिणारे त्या जिन्यावर कधी चढलेच नव्हते. आमच्या सिस्टीममध्ये मला एक गोष्ट दिसते जी बाहेर दिसत नाही. एका अकाउंटनं आणखी कुठे काय लिहिलंय ते. तिथेच, खरकट्या ताटासमोर बसून एकेक अकाउंट उघडलं. एकोणीसपैकी अठरा जणांनी त्याच आठवड्यात एकाच ठिकाणाला पाच स्टार दिलेले. दोन गल्ल्या सोडून नवीन झालेलं मोठं हॉस्टेल, विथ मेस. आमचे पैसे भरणारे क्लायंट. नावापुढे हिरवी टिक. आणि ती टिक दिली होती कुणी? मी. व्हॉट्सॲपवर आलेले किचनचे चकाचक फोटो बघून, नांदेडला एसीत बसून. स्वतःचीच इतकी चीड आली की विचारू नका.

तशीच चालत गेले. बिल्डिंग झकास, लिफ्ट वगैरे. वॉचमनला म्हटलं, मेस दाखवा. तो म्हणाला, "मेस कुठं झालीय मॅडम अजून." किचनमध्ये सिमेंटची पोती, फरशीचे खोके आणि भिंतीला टाइल लावणारे दोन मिस्त्री. मी फोटो काढत होते तेवढ्यात मालक आले. पांढरा शर्ट, हातात दोन फोन.

"या या मॅडम! चहा सांगू?"

"चहा नको. 'इथल्या चपात्या घरच्यासारख्या' हे कुणी लिहिलंय? मिस्त्र्यांनी?"

मालक चक्क हसले. "अहो जुलैत सुरू होणारच आहे मेस. मार्केटिंगवाल्याला काम दिलंय. आजकाल सगळेच देतात."

"आणि इंदूताईंच्या मेसवर घाण टाकायचं कामपण त्यालाच?"

"तो म्हणाला, आपलं वर न्यायचं तर शेजारचं खाली आलं पाहिजे. मी म्हटलं, बघ बाबा तुझं तू." मग आवाज जरा बदलून, "मॅडम, आम्ही तुमचे पेड क्लायंट आहोत. त्या बाई फ्री आहेत ना?"

माणसाला लाज नावाची चीजच नव्हती. मी म्हटलं, "पेड आहात म्हणून जाहिरात मिळते. खरं-खोटं विकायला ठेवलेलं नाही आम्ही." आणि बाहेर आले. खरं सांगते, बोलून तर बसले होते, पण सर मागे उभे राहतील याची खात्री नव्हती.

रस्त्यावरूनच फोन लावला. आधी सिमेंटच्या पोत्यांचे फोटो पाठवले.

"बघितले," सर म्हणाले. "पण मॅडम, क्लायंट मोठा आहे. जरा सबुरीनं घ्या."

"सर, एक विचारू? तुम्ही अकरावी-बारावीला लातूरला होतात ना?"

"हो. दोन वर्षं. का?"

"रविवारी रात्री मेसमध्ये काय असायचं?"

"रविवारी रात्री मेस कुठली? सुट्टी असायची. गाड्यावर सुशीला खायचो आम्ही, वरून शेव मारून. काय सुशीला असायचा हो! तसा परत कुठं मिळाला नाही." चुरमुऱ्याच्या सुशीलावर सर दोन मिनिटं बोलले. मी बोलू दिलं. मग पनीरचा तो रिव्ह्यू त्यांना पाठवला.

सरांनी तो मोठ्यानं वाचला. "रविवारी रात्री पनीर!" आधी खो खो हसले. मग कामाच्या आवाजात विचारलं,

"किती खोटे आहेत म्हणालात?"

"अठरा."

"उडवा अठरा. हॉस्टेलचे पाच स्टारवालेपण उडवा. टिक काढा. मालकाशी मी बोलतो. आणि त्या सेल्सच्या माणसालापण सांगतो, रेटिंग सांभाळतो हे वाक्य परत कुणाच्या तोंडून निघालं तर त्याला मी सांभाळतो."

लगेच लॅपटॉप उघडून चहाच्या टपरीवर मी ते काम उरकलं आणि मोठ्या रुबाबात परत जिना चढले. इंदूताई दुपारची ताटं आवरून बसल्या होत्या.

"ताई, अठरा गेले."

त्यांनी पदर तोंडाला लावला. डोळे भरले होते. मग हिशोबी बाई ती, लगेच विचारलं, "अन् एक?"

मी फोन पुढे केला. एकोणिसावं अकाउंट जुनं होतं, खरं होतं. देगलूरकडचा मुलगा, वर्षभर इथेच जेवलेला. परीक्षा देऊन घरी गेल्यावर त्यानं लिहिलं होतं: मार्च महिन्यात वरण म्हणजे नुसतं पाणी, दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

"काढा की त्यालापण. एकच तर हाय."

"ताई, खोटं आहे का ते?"

बाईंनी फोन परत माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाल्या, "मार्चमधी माझं पिशवीचं आपरेशन झालतं. जाऊबाई बघत होत्या मेस. त्यांनी डाळ वाचवली."

"मग तो रिव्ह्यू राहणार."

"तुमी कुणाच्या बाजूनं हायत मॅडम?" त्या ताडकन उठल्या. "नांदेडाहून आल्या, जेवल्या, एवढं सगळं केलं, अन् शेवटी काटा ठिवूनच जायल्या!"

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. एक बटण दाबलं असतं तर त्यांनी मला घरच्यासारखं जेवू घालून पाठवलं असतं. पण तुमच्याविरुद्धचं खरं काढलं तर उद्या हॉस्टेलवाला त्याच्याविरुद्धचं खरं काढा म्हणेल, मग त्याला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? हे मी त्यांना असंच सांगितलं. आणि हेही सांगितलं की रिव्ह्यूखाली मालकाला उत्तर लिहिता येतं.

त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "मला मोबाईलवर लिवायचं जमत न्हाई. मी सांगते, तुमी लिवा. पण माझ्याच शब्दांत."

त्यांनी सांगितलं ते असं: बाळा, तू म्हणतोस ते खरं हाय. मार्चमधी मी दवाखान्यात होते. वरण पातळ झालं, अन् तुझं कुणी ऐकलं न्हाई. ऐन परीक्षेत तुला पोटभर द्यायला पाहिजे होतं. चुकलं आमचं. लातूरला आलास तर जेवून जा. इंदूताई.

मी 'हाय'चं 'आहे' करायला गेले तर हातावर चापट बसली.

हॉस्टेलवाला आठवड्याच्या आत दुसऱ्या डिरेक्टरीत गेला. सेल्सचा तो माणूस दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मला बरंच शांत वाटलं.

दहा-बारा दिवसांनी परत फोन. परत नमस्कार नाही.

"मॅडम, काय करून ठिवलंय हे तुमी? लोक फोन करून विचारायलेत, पातळ वरणाची मेस हीच का म्हणून!"

"मग? परत चाललेत का लोक?"

"परत कशाला जातेत? काल किल्लारीचे एक जण पोरीला घेऊन आले. म्हणले, बाकी सगळीकडं नुसतं ग्वाडग्वाड लिवलंय. ही बाई चुकलं म्हणायली, म्हंजे खरंच स्वैपाक करीत असंल. पोरीला ठिवून गेले. आता चारच ताटं शिल्लक हायत. तुमच्या भाचीला पाठवायचं असंल तर आजच सांगा."

मला कुठली भाची! तरी मी "विचारून सांगते" म्हटलं.

त्या दिवसापासून हिरव्या टिकसाठी लिस्टिंग आलं की मी आधी त्यात वाईट रिव्ह्यू शोधते. एखाददुसरा सापडला तर निवांत पुढचं काम करते. एकही नसला तर एसटीचं टाइमटेबल बघते.