पूर्णा गावचे सहा फोल्डर

दापोड्याच्या ऑफिसात माझं काम फायली आणि फोल्डर लावण्याचं आहे. कागदाच्या नव्हे, संगणकातल्या. गोदामांमधली स्कॅनर मशीन दिवसभर खोके वाचतात. त्या नोंदी कुठल्या गाळ्याच्या तक्त्यात जमा करायच्या, हे या फायलींत लिहिलेलं असतं. एक साधन ते फोल्डर वाचून सगळी मांडणी मुख्य यंत्रणेवर चढवतं. फोल्डरमध्ये जे असेल ते त्याच्यासाठी खरं.

माझ्या आधीच्या माणसाने पूर्णा गावच्या सहा गाळ्यांच्या फोल्डरना गावात चालणारी नावं दिली होती: विहिरीमागचा, खाडीकडचा, ताडाचा. विहीर बुजलेली, ताड तोडलेला. प्रत्येक फोल्डरमध्ये त्या गाळ्यातल्या मशीनची वेगळी यादी आणि निम्म्या ओळी सगळीकडे त्याच. हे निस्तरायला मला महिना लागला. सारख्या ओळी एका सामायिक फाइलमध्ये नेल्या, मशीनच्या याद्या काढून टाकल्या आणि भाडेकरार पाहून फोल्डरना गाळा एक ते गाळा सहा अशी नावं दिली. मशीन आपला गाळा क्रमांक पाठवेल, त्या क्रमांकाच्या फोल्डरप्रमाणे नोंद जाईल. चाचणीत एकही चूक निघाली नाही.

तिथल्या कंपाउंडमध्ये गाळे रस्त्याकडून मोजतात. करारानंतर जमीनमालकाने रस्त्याला लागून एक नवा गाळा बांधून दुसऱ्या कंपनीला दिला. तो एक झाला. रंगाऱ्याने आमच्या शटरवरचे आकडे एकेकाने वाढवले, मशीनमध्येही शटरवरचाच आकडा भरला गेला. करारात जुने आकडे राहिले. मी करार पाहिला. पूर्णा रिक्षाच्या अंतरावर असूनही तिथे गेले नाही.

आमचा पहिला गाळा, ज्याच्या शटरवर आता दोन होतं, एका स्थानिक सुपरवायझरकडे होता. कंपाउंड होण्याआधी त्या जागेवर त्याच्या घरच्यांची भातशेती होती. त्याची मशीन दोन आकडा पाठवत होती, त्यामुळे तिच्या नोंदी शेजारच्या गाळ्यात जाऊ लागल्या. आठवडाभर ट्रक उतरले, पावत्यांवर त्याच्या सह्या झाल्या आणि यंत्रणेत त्याच्या गाळ्यात एकही खोका आला नाही. बाकीच्या गाळ्यांचे आकडे चुकीचे होते, पण भरलेले होते, म्हणून कुणी तिकडे पाहिलं नाही. सात क्रमांकाचा फोल्डरच नव्हता, पण शटरवर सात लिहिलेला शेवटचा गाळा रिकामा होता, तिथून नोंदच आली नाही, त्यामुळे साधनानेही हरकत घेतली नाही.

मॅनेजरनी सगळ्या सुपरवायझरच्या ग्रुपवर लिहिलं की त्या गाळ्यातला माल बेपत्ता आहे, चौकशी होईपर्यंत त्याची ड्युटी बंद.

दुसऱ्या दिवशी तो पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, साबनाची पावडर हाय आत. ती काय मी घरी नेऊन खाल्ली?"

"मशीनवर कुठला नंबर येतो?"

"दोन."

"तुमचा गाळा एक ना?"

"एक व्हता. पुढं नवीन बांधला, तवा दोन झाला. आख्ख्या पूर्ण्याला ठाव हाय, तुमच्या कम्प्युटरलाच न्हाय."

मी मशीनच्या जुन्या याद्या फोल्डरमध्ये परत घातल्या. आठवड्याच्या नोंदी मूळ गाळ्यांत लावायला संध्याकाळ झाली. एकही खोका कमी भरला नाही. मी मॅनेजरना दाखवलं.

"ठीक आहे, त्याला फोन करून बोलवून घेतो. टेक्निकल प्रॉब्लेम होता म्हणून सांगतो," ते म्हणाले.

"ग्रुपवर लिहायला हवं. आरोप ग्रुपवर केला होता."

"मॅडम, तुम्ही वर्तमानपत्रातली नोकरी सोडून इथे आलात ना? इथे शुद्धिपत्र कोण वाचतंय?"

मी जागेवर येऊन फोनवर लिहिलं: 'दोन नंबरच्या गाळ्यातला माल पूर्ण आहे. फोल्डरचे क्रमांक मी चुकीचे लावले होते. सुपरवायझरची चूक नाही.' दोनदा वाचून पाठवलं. खारबावच्या गोदामातल्या सुपरवायझरने विचारलं, "म्हणजे पावडर गावली काय?"

ज्याच्यावर आरोप होता त्यानेच उत्तर दिलं, "गावली न्हाय. गेलीच नव्हती."

मॅनेजरनी त्याला फोन करून बोलवून घेतलं. सकाळी तो ड्युटीवर आला, शटर उघडलं, पहिला ट्रक लावून घेतला. त्या आठवड्यात मी पूर्ण्याला जाऊन सातही शटरवरचे आकडे स्वतः पाहिले. शेजारच्या गाळ्यातले दोघे त्याला हाक मारत होते, "ओ पावडरवाले." तो ओ देत होता.