नाव मोठ्याने घे

वकीलबाईंकडे घटस्फोटासाठी आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी एक परीक्षा द्यावी लागे. नवऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. उखाण्यात नाही, 'आमचे हे' नाही, 'मुलांचे पप्पा' तर नाहीच. नुसतं नाव, तेही आडनावासकट, आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

खालच्या मजल्यावर मी असायची. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात मी धागे कापायला बसत असे. आमच्या डोक्यावर लाकडी माळा आणि त्या माळ्यावर वकीलबाईंचं ऑफिस. दिवसभर मशीनची घरघर चालायची आणि मध्येच वरून एखादी बाई किंचाळल्यासारखी ओरडायची, "दत्ताराम!" किंवा "विठ्ठल!" कारागीर पाय थांबवून कान टवकारत. निम्म्या गावातल्या नालायक नवऱ्यांची नावं आम्हाला पाठ झाली होती. शेवटी आमचा सिंधी शेठ जिना चढून वर गेला. "बाईजी, नाम ज़रा धीरे बुलवाओ ना. मेरे कारीगर मशीन रोक के सुनते हैं."

"सेठ, जज दूर बैठता है," वकीलबाई म्हणाल्या. "उसको सुनाई देना मंगता."

या हट्टामागे एक कारण होतं. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत एका अशिलाने पिंजऱ्यात उभं राहून साक्षभर 'हे'च चालवलं होतं. ह्यांनी मारलं, ह्यांनी हाकललं. जजनी विचारलं, हे म्हणजे कोण? तिने पदर तोंडाला लावला आणि नुसते डोळे त्याच्याकडे वळवले. समोरचा वकील टपूनच बसला होता. "बघा साहेब, अजून किती मान ठेवते. हिला संसार मोडायचाच नाही!" ती केस इतकी रेंगाळली की वकीलबाईंनी त्याचा धसकाच घेतला. तेव्हापासून त्या प्रत्येकीला सांगत, "ज्याचं नाव तोंडातून निघत नाही त्याच्यापासून सुटका कशी मागणार तू?"

त्या स्वतः नवऱ्याला नावाने हाक मारीत. आज हे वाचून कोणाला नवल वाटणार नाही, पण अठ्ठ्याऐंशी साली अंबरनाथच्या त्यांच्या चाळीत ती हाक चार दारांपलीकडे ऐकू जायची आणि बायका एकमेकींकडे बघायच्या. "अशोक, चहा टाक!" आणि अशोककाका, कारखान्यातून पाळी करून आलेला शांत माणूस, मुकाट्याने उठून आधण ठेवायचे. शेजारच्या एका म्हातारीने विचारलं, अगं, असं बरं दिसतं का? वकीलबाई म्हणाल्या, "आजी, आमच्या लोकांनी छप्पन साली देव बदलले. मी एक हाक बदलली तर काय मोठं झालं?"

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्याच पायांनी, पण मधुकरच्या धक्क्याने. मधुकर आमच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. आम्हाला लग्न करायचं होतं आणि त्याची आईही तयार होती. अडचण माझ्या आधीच्या लग्नाची होती. बदलापूर गावातून मला जांभूळला दिलं होतं. नवरा काशिनाथ. त्याने वर्षभरात मला माहेरी आणून घातलं आणि परत न्यायला आलाच नाही. मग आमच्या रीतीप्रमाणे पंच बसले आणि काडीमोड झाला. त्या दिवशी बाबा घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "मोडलं." तेवढ्यावर मी स्वतःला मोकळी समजत होते. काशिनाथने तर दुसरी बायकोही आणली. पण माझं मधुकरशी ठरतंय हे कळताच तो गावभर सांगत सुटला, पंचांनी मला मोकळं केलंय, तिला नाही. ती अजून माझी बायको आहे. लग्न करून तर दाखव म्हणावं, केस घालतो.

हे ऐकून वकीलबाई आधी पोट धरून हसल्या. मी रडत होते आणि त्या हसत होत्या. मला भयंकर राग आला. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मंदा, काडी एक असते. ती मोडली तर दोघांची मोडते. याला एवढंही कळत नाही, त्याला घाबरतेस?" मी म्हटलं, टाकलेल्या बाईला सगळ्यांनाच घाबरावं लागतं. तशा त्या एकदम गंभीर झाल्या. "टाकलेली हा शब्द या ऑफिसात चालत नाही. टाकतात तो केर. तू अर्जदार आहेस."

आणि मग परीक्षा. "नाव घे." मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मोठ्याने! पुन्हा पुटपुटले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की खाली मशीनचा आवाज बंद झालाय. एकूण एक कारागीर श्वास रोखून वर बघत असणार, आणि त्यांत मधुकरही कैची हातात धरून. मला इतकी लाज वाटली की मी पायऱ्या उतरून पळालेच. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी वरून वाकून हाक मारली, "जमेल तेव्हा जमेल. शोध सुरू करू या."

शोध म्हणजे काय, ते मला त्यांच्यामुळे कळलं. काशिनाथच्या माणसांनी कोर्टातून त्याच्या एकट्याच्या सुटकेचा कागद झाल्याचीही आवई उठवली होती. वकीलबाई म्हणाल्या, आधी जुनं मोडलेलं सापडतंय का ते बघू, नाही सापडलं तर नवीन मोडू. कल्याणच्या कोर्टात त्यांनी शोधाचा अर्ज दिला. रेकॉर्ड रूममधून निरोप आला की अशा नावांचा कोणताही निकाल नाही, तेव्हा नक्कल कशाची देणार? म्हणजे कोर्टात काही झालंच नव्हतं. जे काही झालं होतं ते पंचांपुढे, आणि पंचांचं दप्तर म्हणजे पंचांची डोकी. तिघांपैकी एकच पंच हयात होता. जांभूळचे तात्या.

रविवारी आम्ही दोघी रिक्षाने जांभूळला गेलो. तात्या ओटीवर बसून दोरी वळत होते. त्यांनी आमच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. "पंचातली गोष्ट पंचात. कोरटात कशाला नेतेस गो?" वकीलबाई शांतपणे ओटीवर टेकल्या आणि त्यांनी आधी पाणी मागितलं. तात्यांना वकीलबाईंचं आडनाव कळलेलं होतं. सून दारात घुटमळली, म्हाताऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता इथूनच परत जायचं. तात्या क्षणभर दोरी वळायचे थांबले, मग म्हणाले, "बगतेस काय? दे पानी. वकील हाय ती." त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि पुढे कोर्टाचं नावही न काढता म्हणाल्या, "तात्या, मला काडीमोडाची रीत ठाऊक नाही. आमच्यात नाही ती. जरा सांगाल का?"

म्हातारा खुलला. काडी भाताच्या पेंढ्याची, हिरवी चालत नाही, सुकलेली पाहिजे. एक टोक नवऱ्याने धरायचं, दुसरं बायकोने. पंचाने मध्ये बोट घालून मोडायची आणि दोघांनी आपापला तुकडा मागे टाकून वळून न बघता निघायचं. त्यांनी दोरीच्या तुकड्याने करूनही दाखवलं. वकीलबाई लहान पोरीसारख्या बघत होत्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आणि हिच्या वेळी हिचं टोक कोणी धरलं होतं? ही तर घरीच होती."

"हिच्या बापानी," तात्या म्हणाले.

"बापाला मोडता येते?"

तात्यांचे हात थांबले. पंचांना त्या दिवशी घाई झाली होती. लावणीचे दिवस होते, पोरीला बोलवा कोण, बाप आहे तर त्याच्याच हातात टोक देऊन टाकलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. "नाय," ते शेवटी म्हणाले. "बापाला नाय येत. लगीन काय बापाचं नव्हतं. चुकलं आमचं."

परतताना रिक्षात मी एकच घोकत होते. म्हणजे मी अजून त्याचीच! वकीलबाई मात्र खुशीत मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. "वेडे, ऐक. काडीमोड झाला असता तर तू मोकळी होतीस. नाही झाला तर त्याचं दुसरं लग्न बेकायदा, आणि त्याने तुला सोडून दुसरीशी संसार थाटला हे तो स्वतःच दाखवतोय. दोन्ही दारं आपली. त्याने कुठल्या दाराने पळायचं ते त्यालाच ठरवू दे." मला एवढा धीर त्याआधी कोणी दिला नव्हता.

अर्ज दाखल झाला. नोटीस घेऊन बेलिफ जांभूळला गेला, तारखा पडल्या आणि एक दिवस मी पिंजऱ्यात उभी राहिले. जजनी विचारलं, तुम्हाला कोणी सोडलं? काशिनाथ समोरच उभा होता, नवीन शर्ट घालून. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, फायलीत डोकं घालून बसल्या होत्या, जणू उत्तर आलंच आहे. त्यांचा तो विश्वास मला मोडवेना. मी त्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. इतक्या मोठ्याने घेतलं की शिरस्तेदाराच्या हातातलं पेन थबकलं आणि जज म्हणाले, "बाई, ऐकू येतं मला."

पुढच्या तारखेला तात्या आले. धोतर, टोपी, हातात काठी. जे घडलं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, आणि वर, "चूक पंचांची हाय, पोरीची नाय," असंही सांगितलं. काशिनाथच्या वकिलाने त्याच्या कानात काहीतरी कुजबुज केली. दुसरं लग्न अंगाशी येणार हे एव्हाना त्याच्याही डोक्यात शिरलं असावं, कारण त्यानंतर त्याने विरोध केला नाही. यथावकाश घटस्फोटाचा हुकूमनामा झाला.

निकालाच्या दिवशी आम्ही कोर्टाच्या पायऱ्या उतरलो तर तात्या खाली झाडापाशी काशिनाथचं मनगट धरून उभे. दुसऱ्या हातात सुकलेल्या पेंढ्याची काडी. जांभूळहून खिशात घालून आणलेली. "कोरटाचं कोरटाला. आमची मोडायची ऱ्हायलीय," ते म्हणाले. "धर गो पोरी." मी टोक धरलं. काशिनाथने खाली मान घालून दुसरं धरलं. तात्यांनी बोट घातलं. इतका बारीक आवाज झाला, पण मला तो हुकूमनाम्यापेक्षा मोठा वाटला. मी माझा तुकडा मागे टाकला आणि वळून न बघता चालत सुटले. रिक्षा स्टँडपाशी वकीलबाईंनी मला गाठलं. "हे माझ्या कायद्यात कुठे बसत नाही," त्या म्हणाल्या, "पण मला फार आवडलं."

मधुकरशी माझं लग्न झालं तेव्हा सही करायला वकीलबाई आणि अशोककाका दोघेही आले होते. पुढे मी बदलापूरला राहायला गेले तरी येणं-जाणं चालू राहिलं. त्यांच्याकडे येणाऱ्या घाबरट बायकांना त्या माझ्याकडे पाठवत, हिच्याकडून आवाज शिका म्हणून. मी शिकवायचेही मोठ्या तोऱ्यात. पण वकीलबाई माझ्या घरी आल्या की चिमटा काढल्याशिवाय राहत नसत. कारण मी मधुकरला सगळ्यांसारखं 'अहो' म्हणत होते. तोंडात तेच बसलं होतं आणि मला ते गोडही वाटायचं. "सोडायच्या माणसाचं नाव कोर्टात गर्जून घेतलंस," त्या म्हणत, "ठेवायच्या माणसाचं कधी घेणार?" मी हसण्यावारी न्यायची.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्या गेल्या. थोड्याशा आजाराचं निमित्त झालं. अंबरनाथला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, त्यांत कितीतरी ओळखीच्या बायका. अशोककाका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले. ते म्हणाले, "मुलं पप्पा म्हणतात. सुना बाबा म्हणतात. चाळीत काका, कारखान्यात साहेब. अशोक म्हणणारी एकच होती गं."

मी घरी परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मधुकर पेपर वाचत बसला होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं. मी दारातच उभी राहिले. शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "मधुकर, चहा टाक."

त्याने पेपर खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि उठून आधण ठेवलं.